आत्याच्या वाट्याची म्हैस

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते बरणीचं झाकण वाटलं. चहाचा कप त्यावर ठेवायला मी हात पुढे केला आणि आत्या ओरडली. आत्याचं ओरडणं म्हणजे समोरच्या डोंगरावर चरणाऱ्या जनावरालाही वाटतं, आपल्यालाच हाक आली.

"अगं बया, नाणं हाय ते!"

नाणं. माझ्या पंजाएवढं रुंद, बोटभर जाड, किलोभर चांदीचं, गोल पारदर्शक डबीत बंद. परदेशातल्या कुठल्याशा टांकसाळीनं मोजकीच पाडलेली, त्यातलं हे एक. एका बाजूला त्या देशाच्या चलनातला आकडा, दुसऱ्या बाजूला म्हैस आणि तिचं रेडकू. म्हणजे त्या देशात जाऊन कुणी हे दुकानदारापुढे आपटलं तर कायद्यानं त्याला ते घ्यावं लागेल. अर्थात आपटणारा वेडाच असला पाहिजे, कारण आकड्याच्या कितीतरी पट आतली चांदी आहे. आत्यानं ते एका चांगल्या दुचाकीच्या किमतीहून जास्त पैसे देऊन आणलं होतं.

माझं डोकंच फिरलं. का फिरलं ते सांगते.

मी पत्रकं लिहिते. वाटते, चिकटवते, आणि लोकांनी फाडली की पुन्हा चिकटवते. आमच्या मुळशीत जमिनीला भाव आला तसा बहिणींनाही भाव आला, पण फक्त एका दिवसापुरता. भाऊ साडी घेऊन येतो, गाडीत बसवून नोंदणी कचेरीत नेतो, हक्कसोडीच्या कागदावर सही घेतो, वाटेत मिसळ खाऊ घालतो आणि परत आणून सोडतो. कोट्यवधींची जमीन आणि एक मिसळ! यावर मी एक पत्रक काढलं होतं. 'बहिणींनो, सही करण्याआधी वाचा. वाटा तुमचा, निर्णय तुमचा.' शब्द माझे, कागद गुलाबी, कारण छापखान्यात तोच उरला होता.

आता हे पत्रक तालुक्यात कुणी कुणी वाचलं मला ठाऊक नाही. माझ्या सख्ख्या आत्यानं मात्र वाचलं. महाळुंग्याची आमची जमीन विकायला निघाली तेव्हा तिनं कचेरीत पेन हातात घेतलं, परत खाली ठेवलं, आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, मला माजा वाटा पायजेल." बस, एवढंच. भांडली नाही, रडली नाही. कायदा तिच्या बाजूनं होता, वाटा मिळाला.

आणि माहेर गेलं. वडील म्हणाले, "वाटा घेतला ना? मग आता भाऊ कशाला पायजे." आमच्याकडे ही सरळ अदलाबदल मानतात. जमीन सोडणारी बहीण माहेरवाशीण, जमीन घेणारी बहीण हिस्सेदार. हिस्सेदाराकडे कुणी भाऊबीजेला जातं का? वडील दोन दिवाळ्या गेले नाहीत. माझ्याशी त्यांनी बोलणं तोडलं नाही, पण जेवायला बसले की पाठ माझ्याकडे करून बसत. गुलाबी कागद दिसला की उठून जात.

तर अशी ही आत्या. पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्यापासून जरा आत तिचं घर, नवरा वारलेला, मागच्या खोल्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या. मला तिच्यात पुढच्या पत्रकाची नायिका दिसत होती. वाटा घेतलेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहते, गिरणी टाकते, दुकान काढते, निदान गुंठाभर जमीन तरी घेते. आणि हिनं काय घेतलं? म्हशीचं चित्र काढलेलं झाकण!

"आत्या, सख्ख्या भावाशी वाकडं घेतलंस ते ह्यासाठी?"

तिनं आधी कप माझ्या हातात नीट दिला. मग म्हणाली, "तुज्या पत्रकात काय लिवलं व्हतं? वाटा तुमचा, निर्णय तुमचा. का खाली बारीक अक्षरात लिवलं व्हतं, पोरीला इचारून घ्यायचा?"

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, दुकानदारानं तुला लुटलं. चांदीच्या भावावर वर किती लावलेत बघ. डबीचे पैसे, पेटीचे पैसे, त्या प्रमाणपत्राच्या चिठोऱ्याचे पैसे.

"आन म्हैस काढणाऱ्याचं? त्येला फुकाट राबवायचा? गेल्या मे महिन्यात चौकात उभी राहून तूच बोंबलत व्हतीस ना, श्रमाचं दाम द्या म्हणून?"

"आणि चांदी उतरली तर?"

"उतरंल की. म्हैस कुटं उतरतीया?"

मग तिनं मला हिशोब सांगितला. बहुतेक पैसे बँकेत, थोडे खोल्यांच्या छपरात, आणि थोडे यात. चांदी घ्यायचीच होती, पण लगड घेऊन बघायचं काय त्यात? फोनवर भाव पाहता पाहता एक दिवस ही म्हैस समोर आली. पुण्यात पेठेतल्या एका दुकानात ती दोनदा जाऊन नुसती बघून आली, तिसऱ्यांदा घेऊन आली. "एफडीची पावती बघून कुणाला कदी बरं वाटलंय का, सांग मला."

तिनं पांढरे सुती हातमोजे चढवले, शाळेत संचलनाला घालतात तसले, आणि डबी उघडून नाणं कडेनं उचललं. खिडकीच्या उजेडात धरून हळूच तिरकं केलं. मी कितीही रागात असले तरी डोळे होते मला. मागची जमीन आरशासारखी, तिच्यात आत्याचं नाक आणि खिडकीचे गज दिसत होते. त्यातून म्हैस अशी वर उठलेली, की बोट लावलं तर बरगड्या लागतील. पोटाखालचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला, चिखल लागल्यासारखा. पाठ मात्र लख्ख.

"पाठ वली हाय तिची," आत्या म्हणाली. "आत्ताच डोहातनं वर आलीया. बघ, रेडकू तिच्या गळ्याखाली कसं घुसलंय. ऊन लागतंय त्येला."

लहानपणी ती आणि वडील मुळा नदीवर म्हशी घेऊन जायचे. शाळेत भाऊ गेला, ती म्हशींमागेच राहिली, आणि तो शाळा चुकवून तिच्याकडेच पळून यायचा. हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. म्हशीची ओली पाठ दाखवता दाखवता सांगून टाकलं.

"दादानं बघाय पायजे हे," ती म्हणाली. "म्हशीतलं त्येला जेवडं कळतंय तेवडं कुणालाच न्हाई. बरूबर काडलीया का न्हाई, त्यो एका नजरंत सांगंल."

दुचाकीच्या किमतीचं नाणं घेऊन बाई वाट बघत बसली होती ती भावानं येऊन 'बरोबर आहे' म्हणावं याची. हे कळल्यावर माझा राग जागचा हलला. गेला नाही. दुसरीकडे वळला.

कारण तोपर्यंत गावात बोभाटा झाला होता. वाण्याच्या ओट्यावर बसणारा एक दीरच लागतो तिचा, तो रोज विचारायचा, "वैनी, त्या नाण्यानं बशीत तिकीट काडलं तर कंडक्टर सुट्टं कुटनं द्यायचा वो?" आत्या म्हणायची, "भावजी, तुमी बसा की शेजारी, तुमचं बी काडते." पिरंगुटच्या सराफानं तर नाणं हातात न घेताच सांगितलं, "मावशी, वितळवून टाका. झक्क ताट-वाटी होईल, वर पैंजण." आत्यानं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं ताबडतोब चहा मागवला.

मी मात्र खवळले. याच ओट्यावरच्या लोकांनी जमिनी विकून काय केलं? काळ्या काचांच्या गाड्या घेतल्या, ज्या आमच्या बोळात वळतही नाहीत. एकानं वाढदिवसाला स्वतःचाच एवढा मोठा फलक लावला, की खालची शाळेची पाटी झाकली. कुणी न उठलेल्या इमारतीत घर धरून बसलाय. त्याला काय म्हणतात? प्रगती! बाईनं तिच्या पैशातून एक सुंदर वस्तू घेतली, जिची चांदी कुठे जात नाही, तर तिला खूळ लागलं. पुरुषाची हौस ती हौस आणि बाईची हौस ती उधळपट्टी, हे कुठल्या कलमात लिहिलंय? हे सगळं मी ओट्यासमोर उभं राहून बोलले. दीर म्हणाला, "पत्रक काड ह्येच्यावर." म्हटलं, काढीनच.

पण नाण्याचं वेड हळूहळू मलाही लागलं, हे लिहायला मला काही लाज नाही. आत्याबरोबर एका रविवारी मी पुण्याला संग्राहकांच्या बैठकीला गेले. तिथले लोक भिंग डोळ्याला लावून बसतात आणि कुणाला तळहाताएवढं मोठं नाणं मिळालं की लहान पोरांसारखे भोवती गोळा होतात. एक निवृत्त साहेब आत्याच्या म्हशीवर फिदा झाले. ठसा निर्मळ, मागच्या आरशावर एक डाग नाही, बोटाचा एक ठसा नाही. विकत घेतलं त्याहून बऱ्यापैकी वरची रक्कम द्यायला तयार होते. "बाई, फक्त हात लावू नका आणि पुसू तर मुळीच नका," म्हणाले. आत्या ते आधीपासून पाळतच होती. चांदी काळवंडते म्हणून तिनं कपाटातल्या डांबरगोळ्यासुद्धा बाहेर फेकल्या होत्या, साड्यांचं काय व्हायचं ते होवो.

"दिवाळीनंतर बघू सायेब," ती म्हणाली. बसमध्ये मी विचारलं, दिवाळीनंतर का? म्हणाली, "दादानं अजून बघितलं न्हाई."

मी वडिलांना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी न बघितल्यासारखा बघितला. "चित्रात काय कळतंय," म्हणाले आणि पाठ करून जेवले.

मग वसुबारस आली.

महाळुंग्याला आमच्या दारात त्या वर्षी पहिल्यांदा जनावर नव्हतं. वडिलांनी शेवटची म्हैस पावसाळ्यात विकली होती. गोठ्याच्या जागी आता सोसायटीची भिंत आहे. आमच्याकडे गाय कधी नव्हतीच, वसुबारसेला म्हशीच पुजल्या जायच्या. आई दिवसभर उपास धरते, संध्याकाळी जनावराला ओवाळल्याशिवाय बाजरीची भाकरी मोडत नाही. शेजारच्या सोसायटीच्या फाटकात टेम्पोतून गाय-वासरू आलं होतं. आरतीमागे पैसे घेऊन टेम्पोवाला पुढच्या फाटकावर जायचा. बायका रांगेत उभ्या होत्या. आईनं ती रांग बघितली आणि घरात आली.

"भाड्याच्या गाईला मी कुंकू लावणार न्हाई," ती वडिलांना म्हणाली. "वन्संकडं म्हैस हाय. सोताची हाय. गाडी काडा."

"ती चांदीची हाय."

"मग मला काय दूध काडायचंय तिचं? उपाशी निजवता का मला?"

दोन वर्षं मला जे जमलं नव्हतं, ते आईच्या भुकेनं केलं. वडिलांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर, आरतीचं ताट मांडीवर, आणि तोंड मिटून. माझ्यासाठी ते उपासाहून अवघड होतं.

आत्याच्या बोळातही जनावरं उरली नव्हती, त्यामुळे शेजारच्या चार-पाच बायका तिच्याकडेच जमल्या होत्या. पाटावर हिरवं खणाचं कापड, त्यावर डबीतलं नाणं उभं टेकवलेलं, भोवती झेंडू. सगळ्याजणी डबीच्या प्लास्टिकवर हळद-कुंकू लावत होत्या आणि स्वतःच खुसखुसत होत्या. "हिला शेण काडाय लागत न्हाई, बरंय बाई," असं काहीतरी चाललं होतं. आत्या आत नैवेद्याचे वडे काढत होती.

वडील उंबऱ्याबाहेरच थांबले. चपला पायात. आई आत गेली, बसली, तिनंही प्लास्टिकवर बोट टेकवलं. वडील बाहेरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं. आयुष्यभर या दिवशी दावं धरून जनावराच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस तो. खुरांवर पाणी कुणी ओतायचं, कपाळाला कुंकू कुठे लावायचं, हे सांगायचं काम त्यांचं.

"ह्ये काय लावलंय?" ते एकदम म्हणाले. "डबीला कुकू? म्हशीला लावायचं का तिच्या खोक्याला?"

आणि चपला काढून आत आले. मी "बाबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी डबी उचलली होती, दोन अंगठ्यांनी दाबून उघडली होती, तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून म्हशीच्या खुरांवर शिंपडली होती, आणि कुंकवात अंगठा बुडवून तिच्या कपाळावर नीट, शिंगांच्या मधोमध, दाबून उमटवला होता. मग रेडकाच्याही. दुसऱ्या हाताची चारही बोटं मागच्या आरशावर.

"हात! बाबा, हात!" मी ओरडले.

आत्या वड्यांची ताटली घेऊन दारात उभी होती.

वडिलांना चूक झाली एवढं कळलं, काय झाली ते कळेना. गडबडीत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि पुसायला वाकले. आत्यानं ताटली जमिनीवर टाकल्यासारखी ठेवली आणि झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नगं, दादा! पुसलं तर चरं पडत्यात!"

ते थांबले. मनगट तिच्या हातात. तिनं ते सोडलं नाही. नाणं वाचवायचं काम झालं होतं, टॉवेल खाली पडला होता, तरी सोडलं नाही. वडिलांनीही सोडवून घेतलं नाही.

मग ते म्हणाले, "लई नुसकान झालं का?"

आत्यानं माझ्याकडे हनुवटी केली. "सांग त्येला."

मी आयुष्यात कुणाची भीड धरलेली नाही, तेव्हाही धरली नाही. सांगितलं, की पुण्याचे साहेब जे वरचे पैसे देणार होते ते गेले. आता चांदीचा भाव येईल, तेवढाच.

वडील पाटाशेजारी मटकन बसले. "मी भरून देतो."

"तू कशाला भरतुयास?" आत्या म्हणाली. "माज्या वाट्याचं हाय."

वाटा! दोन वर्षं आमच्या घरात ज्या शब्दावर ताट बाजूला सारलं जात होतं, तो शब्द झेंडूच्या फुलांत येऊन पडला. पहिल्यांदा हसली ती आई. तिला हसू आवरेना, उपाशी पोटानं हसून हसून तिला उचकी लागली, आणि मग आत्या, मग सगळा बोळ. वडील तोंडावर हात ठेवून हसत होते. हाताचं कुंकू मिशीला लागलं ते त्यांना भाकरी खाऊन होईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं साहेबांना फोन लावून सरळ सांगितलं. पलीकडून "अहो बाई, हे काय केलंत!" इतक्या जोरात आलं की मला ऐकू आलं. "पूजा केली," आत्या म्हणाली. त्यांनी डाग काढून देणाऱ्या एका जाणकाराचं नाव सुचवलं. ती म्हणाली, "नगं. आता इकायचं न्हाई." फोन ठेवून तिनं मला नाणं दाखवलं. कुंकू वाळून म्हशीच्या कपाळावरच्या बारीक केसांच्या रेघांत शिरलं होतं. तिला ते आधीपेक्षा आवडत होतं, आणि खरं सांगते, मलाही. कारागिरानं सगळं केलं होतं, एवढंच राहिलं होतं.

भाऊबीजेला वडील एकटे आले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भूक लागली म्हटलं नव्हतं. आत्यानं पाट मांडला, ओवाळलं, त्यांनी ताटात ओवाळणी टाकली, दोघंही अशी वागली की मधल्या दोन दिवाळ्या कॅलेंडरात छापल्याच नव्हत्या. मग ते म्हणाले, "आण ती."

तिनं त्यांना कडेनं धरायला शिकवलं. त्यांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. भाव वर गेला का खाली हे ऐकायला ती कधी इतकी थांबली नव्हती.

"म्हैस बरूबर हाय," वडील शेवटी म्हणाले. "पयल्या वेताची हाय. कास बघ, अजून भरलेली न्हाई. काडणाऱ्यानं खरी म्हैस बघितलीया."

आत्यानं पदर सोडला.

"रेडकू खोटं हाय पन."

"काय खोटंय त्येच्यात?"

"एवडं गप कुटं हुबं ऱ्हातंय? आईच्या गळ्याखाली आलं की ढुशा देतंय. ह्ये शाळंत बसल्यागत हुबं हाय."

"तू शाळंत कदी बसलास, तुला काय ठावं?"

"म्हून तर सांगतुया!"

आणि दोघं भांडायला लागली. रेडकानं ढुशी कुठल्या बाजूनं द्यायला हवी होती, त्यांच्या लहानपणीच्या कुठल्या म्हशीचं रेडकू सगळ्यात द्वाड होतं, आणि डोहात ते वाहून जाताना नक्की कुणी धरलं. दोघंही म्हणत होती, मी धरलं. पोळ्या गार झाल्या. मी दोनदा हाक मारली, तर दोघांनी मिळून मलाच गप्प बसवलं.